सासू जागलीवर गेली

मूल होऊ नये म्हणून काय करावं, हे बायांना शिकवण्यासाठी सरकारनं मला पगार दिला आणि माझ्या दारात निम्म्या बाया येत राहिल्या त्या मूल व्हावं म्हणून. नोकरीभर ही ओढाताण चालली. दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामातलं काही लिहा' असं सांगणं आलं तेव्हा आधी बाळंतपणंच आठवली. आडवी आलेली, पायाळू आलेली, पुरात अडकलेल्या बैलबंडीत झालेली. पण बाळंतपणाच्या गोष्टी सगळ्याच नर्सा सांगतात. मी सांगणार आहे ती त्याच्या अलीकडची, दिवस राहण्याची गोष्ट. हा विषय ज्यांना चारचौघांत नको वाटतो त्यांनी खुशाल पान उलटावं, पुढं पाककृती असतीलच.

छप्पन्न साली मी आर्णीला मिडवाईफ म्हणून लागले. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात आलो, आणि यासाठी मला खुर्चीवरून उठावंसुद्धा लागलं नाही. कचेरीवरच्या पाट्या बदलल्या. बाया त्याच, त्यांची दुखणीही तीच.

कुटुंबनियोजनाचं वारं तेव्हा नुकतंच वाहू लागलं होतं. पुढं जी साधनं आली ती अजून यायची होती. आमच्या हाती होती मण्यांची माळ. पाळी आली की पहिला मणी सरकवायचा, मग रोज एक. हिरव्या मण्याच्या दिवशी नवराबायकोनं बिनधोक जवळ यावं, लाल मणी लागले की लांब राहावं, कारण ते बी रुजण्याचे दिवस. एवढं सोपं शास्त्र. एकदा पोळ्याच्या दिवशी एका घरी गेले, तर माझी सरकारी माळ त्यांच्या बैलाच्या गळ्यात, घुंगरांच्या शेजारी! घरधनी हसत म्हणाला, "नाराज नोका होऊ बाई, आजच्यापुरती घातली. शोभून राह्यली का नाई?" शोभत होती खरी. फक्त सगळ्या गावात त्या माळेची ज्याला मुळीच गरज नव्हती असा तो एकटाच होता. त्याचं काम लहानपणीच उरकलेलं होतं.

माळेत एक खोट होती. ती चालायची जिची पाळी महिन्याच्या महिन्याला येते तिच्यापुरती. बाईच्या पोटात बी सुटतं ते पाळी यायच्या साधारण पंधरवडाभर आधी. आता जिची पाळीच दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते, तिचं बी कधी सुटणार हे माळेनं कुठून सांगावं? शिकवताना हे आम्हाला सांगितलं होतं, पण अशा बायांचं काय करायचं ते नव्हतं सांगितलं.

गमली आली ती बाजाराच्या दिवशी. आर्णीपासून आत, बंडीच्या वाटेवर बंजाऱ्यांचा एक तांडा होता, तिथली. तिच्या सासरच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ न् धान्य लादून मुलुख पालथा घातलेला, आताची मंडळी कापूस-ज्वारी करत एका जागी रुळलेली. अंगात आरशांची काचळी, कमरेला घेरदार फेटिया, आणि ओढणी मात्र हनुवटीपर्यंत ओढून घेतलेली. टेबलावरची माळ तिनं उचलली, लाल मणी बोटानं चाचपले आणि विचारलं, "बाई, या दिवसात दूर रायलं तं पोरगं नाई होत, खरं का?"

"खरं."

"मंग याच दिवसात जवळ रायलं तं?"

आम्ही सगळ्यांनी माळ एका बाजूनं वाचली होती, हिनं ती दुसऱ्या बाजूनं वाचली.

लग्नाला आठ वर्षं झालेली. पाळी मनाला येईल तेव्हा यायची, कधी दोन महिन्यांनी, कधी चार. अंगानं स्थूल, हनुवटीवर राठ केस. ओढणी कशासाठी, ते मला तेव्हा कळलं. नवरा रूपसिंग गरीब स्वभावाचा, घरात चालायचं ते सासूचं, सकरीबाईचं. आणि सकरीबाईनं दिग्रसकडच्या तांड्यावरची एक पोरगी लेकासाठी पाहून ठेवली होती. येत्या होळीला पाहुणे बोलणी पक्की करायला येणार होते. एका बायकोवर दुसरी करायला कायद्यानं बंदी झाली होती, पण कायदा तांड्यापर्यंत पायी चालत येत होता.

"सासू वाईट नाई बाई," गमली म्हणाली. "मले काढून नाई देणार. सवत आली तं मी पानी भरीन, भाकरी थापीन, तिच्या लेकराचं गू-मूत काढीन. पण मले आई कोन म्हणन?"

मी तिला माळ दिली आणि लाल मण्यांचे दिवस सोडू नकोस म्हटलं. माळ संपली, पाळी आली नाही. पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू केली, तीही संपली. "मले वाटलं देवानं आयकलं," ती सांगत आली, "अन् मंग पाळी आली." माझी विद्या तिथं संपली. श्रावणात मी तिला सर्व्हिस मोटारीत बसवलं आणि यवतमाळला माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी तपासलं आणि मग आम्हा दोघींना समोर बसवून नीट समजावलं. बाईच्या पोटात दोन बीजकोश असतात. रक्तातले काही रस कमीजास्त झाले की त्यांच्यावर जाड साल चढते, आतलं बी वेळेवर पिकत नाही, पिकलं तर सुटत नाही. म्हणूनच पाळी लांबते, आणि नको तिथं केस येतात तेही त्यामुळेच. नागपूरला यावर शस्त्रक्रिया होते, बीजकोशाची एक फोड कापून काढतात. हे ऐकून गमली खुर्चीतच आकसली.

"बरं, मग दिवस मोजणं सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंग काय सांगतं ते पाहा." एरवी बाईचं अंग कोरडं असतं. बी पिकत आलं की ओलसर होतं, मग काचेसारखं स्वच्छ, बुळबुळीत पाणी जातं, दोन बोटांत धरलं तर तार निघते. तार धरते तेच दिवस खरे. नंतर पुन्हा कोरडं. "मात्र हिच्या दुखण्यात शरीर कधी कधी नुसतीच तयारी करतं आणि माघार घेतं. तार येते, बी सुटत नाही. कोणती तार खरी हे आपल्याला आधी कळत नाही, म्हणून प्रत्येक तार खरी धरायची."

परतीच्या मोटारीत मी गमलीच्या कानाशी लागून विचारलं, चिरलेल्या भेंडीला सुटते तशी तार कधी दिसते का ग?

"दिसते न बाई," ती म्हणाली. "तेच तं माही बिमारी आहे."

"कसली बिमारी?"

"पांढरं जाते न. मी सासूले सांगते. मंग ते मले तांदळाचं धुवन पाजते, आपल्या बाजूले निजवते. सुकेपर्यंत. अन् ह्यायले जागलीवर धाडते."

रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून शेतात माचावर बसून रात्रभर राखण करायची, ती जागल. म्हणजे आठ वर्षं, ज्या ज्या दिवशी बी रुजायची आशा होती, नेमक्या त्या त्या दिवशी नवरा शेतात डुकरं हाकत होता आणि बायको सासूच्या कुशीत तांदळाचं धुवण पीत होती. मी मोटारीत कपाळावर हात मारून घेतला. समोरच्या म्हातारबुवांना वाटलं बाईचं पाकीट मारलं.

सकरीबाईला हसू नका. बाईच्या अंगावरून पांढरं जातं तेव्हा तिचं अंग झिजतं, ही समजूत माझ्या माहेरीही होती. पांढऱ्याचा खरा आजार असतोही. त्याला वास येतो, खाज सुटते, ते दह्यासारखं फुटकं असतं, आणि त्यावर औषधच घ्यावं लागतं. पण ही स्वच्छ तार म्हणजे आजार नव्हे, तिकडे धडधाकटपणाचीच खूण म्हणून पाहायचं. हे सुनेला कळून उपयोग नव्हता, सासूला कळायला हवं होतं. कारण रूपसिंग कुठं निजणार हे त्या घरात सासू ठरवायची.

दिवाळी झाली तशी मी तांड्यावर गेले. सकरीबाई गोठ्यात शेण भरत होती. उंच, काटक, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. मला पाहून तिनं हात धुतले, बाज टाकली, चहा ठेवायला सांगितला, आणि मी तोंड उघडायच्या आत ओळखलं, "पोरीनं धाडलं तुले."

मी भेंडीपासून सुरुवात केली. बी कसं पिकतं, तार म्हणजे काय, सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, पण चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती.

"तू शिकली-सवरली आहेस बाई," ती म्हणाली. "पण पांढरं जाते तवा अंगातलं पानी जाते, हे माह्या सासूनं मले सांगतलं. अशा नाजूक अंगात पोराले तिच्याजोळ धाडू? मरून जाईन ते पोरगी. मी काय तिची वैरी आहे? लेकीवानी जपलं तिले."

"जपलंत म्हणूनच झालं हे," असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. पुन्हा एकदा भेंडीवर गेले. भेंडीनं काही काम होईना.

तेव्हा दाराआडून आवाज आला. सासूसमोर मान वर न करणारी गमली ओढणीतूनच बोलली, "याडी, आपली कबरी गाय सोट टाकते, तवा तुमी तिले बिमार म्हंता का?"

याडी म्हणजे आई. आणि सोट म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांसाठी सांगते. गाय माजावर आली की तिच्या मागून काचेसारखी स्वच्छ, चिकट तार लोंबते, तिला सोट म्हणतात. ती दिसली की गाय वळूकडे न्यायची. बंजाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची दौलत म्हणजे गुरं. तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही सोट कळतो.

सुनेनं स्वतःला गाईच्या पंगतीला बसवलं होतं, तेही सासूपुढं, परक्या बाईच्या देखत. आता भडका उडणार म्हणून मी पिशवी जवळ ओढली. सकरीबाई उठली, गोठ्यात गेली आणि आमच्याकडे पाठ करून कबरीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"सोट टाकते तवा गाय बांधून नाई ठेवत आमी," ती शेवटी म्हणाली. "अन् मी इतले वर्सं काय करून राह्यली होती?"

तिचा आवाज असा फाटलेला होता की मला रडू आलं. नर्सनं रोग्याच्या घरी रडू नये असं आम्हाला शिकवलेलं, पण मी रडले, आणि मला त्याची लाज नाही. ती मात्र रडली नाही. ओढणीनं तोंड पुसून तिनं अंगणात हाक दिली, "रूप्या! पोरीची तार दिसली का त्या दिवशी तू जागलीवर नाई जायचं."

"मंग कोन जाईन?" रूपसिंगनं घाबरत विचारलं.

"मी जाईन. डुकरं तुह्यापेक्षा मले जास्त भेतात."

आणि ती खरंच जाऊ लागली. घोंगडं खांद्यावर, गोफण हातात. सासू घोंगडं घेऊन निघाली की सगळ्या तांड्याला कळायचं, आणि बिचाऱ्या रूपसिंगला दुसऱ्या दिवशी विहिरीवर मान वर करायची सोय उरायची नाही. पण घरातला कारभार आता बरोबर दिशेला लागला होता. याचं श्रेय मी घेते, घ्यायला कुणाची भीती? भेंडी माझी वाया गेली असेल, तांड्यापर्यंत तारेची गोष्ट मीच नेली होती.

एवढ्यानं लगेच फळ आलं असतं तर ही गोष्ट कीर्तनात शोभली असती. पहिली तार आली, सुकली, काही नाही. मग काही आठवडे पाळी आली नाही म्हणून सकरीबाईनं तांडाभर गूळ वाटला, आणि गूळ वाटून होतो न होतो तोच पाळी आली. गमलीनं त्या दिवशी तांड्यात तोंड दाखवलं नाही. बी सुटलं की नाही हे अंगाच्या सकाळच्या उष्णतेवरून कळतं म्हणून मी तिला थर्मामीटर नेऊन दिला, तर सकरीबाईनं सुनेच्या तोंडात परकी वस्तू जाणार म्हणून तो आधी उकळत्या पाण्यातून काढला. त्याची काच अन् पारा वेचण्यात माझी दुपार गेली.

त्याच सुमाराला आर्णीचे सायकलवाले रहीमभाई बायकोला घेऊन माझ्याकडे येत असत. तिचंही दुखणं हेच. मी सगळं समजावल्यावर रहीमभाई क्षणात म्हणाले, "मतलब पुर्जे सब ठीक हैं सिस्टर, टायमिंग बिगड़ गया है." मला अख्ख्या नोकरीत इतका हुशार विद्यार्थी भेटला नाही. पण त्यांच्या बायकोला तार अशी फारशी आलीच नाही. यवतमाळ झालं, नागपूरची शस्त्रक्रियाही झाली, आणि त्यांना मूल झालं नाही. शेवटी दोघं मलाच धीर देऊन गेली. ही विद्या म्हणजे जादू नव्हे. बी सुटतच नसेल तर नुसतं पाहून ते सुटत नाही. जिथं पेढे मिळाले त्या घरांपेक्षा हे घर मला जास्त आठवतं.

संक्रांतीनंतर मला झरीकडच्या जंगलातल्या गावांत देवीच्या लशीच्या कामाला धाडलं. परतले तेव्हा पळस फुलला होता आणि होळीचाच दिवस उजाडला होता. सामान सोडतच होते तर दारात रूपसिंग बंडी घेऊन उभा. "याडीनं बोलावलं. आत्ताच." वाटेत त्याच्याकडून कळलं ते एवढंच: दिग्रसकडच्या त्या पोरीचा बाप आणि चुलता सकाळीच येऊन बसले होते. त्यांच्यासाठी लापशी करताना तुपाचा वास आला आणि गमली चुलीपासून उठून ओकायला पळाली.

दुसऱ्या कुणाच्या घरी एवढ्यानं निकाल लागला असता. इतर बायांची पाळी चुकली की आठवड्यात घर समजून जातं. गमलीची पाळी चुकणं ही तर तिची रीतच होती. संक्रांतीच्या आधी तार आली होती, मग सुकली होती, मग काहीच नाही. मधूनमधून मळमळायचं. पण गूळ वाटल्याचा दिवस तिच्या मनातून गेला नव्हता, म्हणून तिनं कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. आजच्यासारखी घरच्या घरी तपासणी तेव्हा कुठली? होते ते माझे दोन हात.

आतल्या खोलीत तिला बाजेवर निजवलं. तिचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले. तिच्या स्थूल पोटावर हात ठरायला वेळ लागला. ओटीपोटाच्या हाडाच्या किंचित वर मी बोटं खोल दाबली, सोडली, बाजूनं आणली. होतं. गोल, मऊसर गर्भाशय, वर आलेलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा तिथंच. छातीवरच्या खुणाही तेच सांगत होत्या. मी इतकी पोटं तपासली आहेत की यात माझी चूक होत नाही, आणि तरीही त्या दिवशी मी तिसऱ्यांदा हात ठेवला.

सकरीबाई दारात उभी होती. बाहेरून पाहुण्यांच्या खोकण्याचे आवाज येत होते.

"बाई, एक शब्द सांग," ती म्हणाली. "आहे का नाई?"

"आहे."

तिनं ओढणी सारखी केली आणि बाहेर गेली. कुडाच्या भिंतीतून आम्हाला सगळं ऐकू येत होतं. पोरीचा बाप म्हणाला, "बोला मंग, काय ठरवता?"

"पोरगी तुही लाखात एक आहे, भिया," सकरीबाई म्हणाली. "म्हणूनच सांगते, तिले सवतीवर देऊ नको. माह्या घरी नाई, कोनाच्याच घरी नाई."

"म्हंजे नाई म्हंता तुमी आमाले?"

"नाई म्हणते. जेवून जा."

माणसं भली होती, जेवून गेली. गौरी-गणपतीच्या सुमाराला गमलीला मुलगी झाली, माझ्याच हातांवर, रडण्याचा आवाज थेट आजीचा. आता तिलाही मुलं आहेत. पण मला सांगायचं आहे ते त्या होळीच्या दुपारचं. पाहुण्यांची बंडी दिसेनाशी झाल्यावर सकरीबाई माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसली. आत गमली भांडी आवरत होती.

"आता कोनी नाई इथं," ती हळूच म्हणाली. "खरं सांग बाई. आहे न?"

"आहे हो सकरीबाई. खोटं कशाला सांगू?"

"मले वाटलं, पोरीची दया येऊन बोलली तू."

"असं वाटलं, तर मग पाहुण्यांना परत का पाठवलंत?"

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू इतकी साधी गोष्ट मला कळायला हवी होती.

"तू नाई म्हणाली असती तरी परतच धाडत होती मी त्यायले," ती म्हणाली. "पोराले दूर ठेवलं म्या, अन् सजा तिले देऊ?"